बुरूज, कठडा आणि जात्याची तळी

शास्त्रपाठ : लूक १४:२८-३०; अनुवाद २२:८; अनुवाद २४:६



घरात एखादी नवी वस्तू आणण्याची वेळ आली की आपण बहुधा दोनच प्रश्न विचारतो : तिची किंमत किती, आणि तिच्यामुळे सोय किती होईल? दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु एवढ्यावर हिशेब पुरा होतो काय, याचा विचार आपण क्वचितच करतो.

गेल्या तीस वर्षांत आपले दैनंदिन जीवन किती बदलले, हे सांगण्याची आवश्यकता नाही. दूरध्वनी भिंतीवरून खिशात आला. पत्रोत्तराची आठ-आठ दिवस वाट पाहणे संपले. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यानंतर भाजीच्या हातगाडीवरही मोबाइलने पैसे दिले जाऊ लागले. ही प्रगती नाकारणे म्हणजे कृतघ्नपणा होईल. तथापि, प्रगतीच्या नावाने दारात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचे डोळे मिटून स्वागत करणे, हेही विश्वासू कारभाऱ्याला शोभणारे नाही. मग तोलावे कशाने?

शास्त्रात यंत्रयुगाविषयी काही सांगितलेले नाही, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु त्या काळची माणसेही घरे बांधीत, धान्य दळीत, कर्ज काढीत आणि आपल्या सोयी पाहत. त्यांच्या नित्य वापरातील तीन गोष्टी आपण आज पाहू. त्या आपल्याला तीन प्रश्न विचारावयास शिकवतात.

१. बुरूज : पूर्ण खर्च किती?

प्रभू येशूने सांगितलेला बुरूज बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचा मूळ संदर्भ शिष्यत्वाचा आहे, हे विसरता कामा नये. तरी ज्या व्यवहारज्ञानावर हा दृष्टान्त उभा आहे, ते ज्ञान प्रभूने मान्य केलेले आहे. सुज्ञ मनुष्य अगोदर बसतो आणि हिशेब करतो. येथे ‘हिशेब करणे’ या अर्थी आलेले ग्रीक क्रियापद ‘खडा’ या शब्दापासून बनले आहे. पूर्वी लोक खडे मांडून बेरीज करीत. म्हणजे खर्चाची एकेक बाब एकेका खड्याप्रमाणे समोर मांडून पाहावी, असे चित्र या शब्दामागे आहे. शिवाय तो मनुष्य पायाचा खर्च मोजून थांबत नाही. काम शेवटास नेण्याचा खर्च मोजतो.

आपण मात्र पहिलाच खडा मोजतो. प्लास्टिकच्या पिशवीचे उदाहरण घ्या. दुकानदार ती फुकट देई; कापडी पिशवी घरून नेण्याचा त्रास वाचे. सोय उघड होती आणि खर्च शून्य भासत होता. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. एवढ्या पावसापुढे कोणतेही शहर हतबल झाले असते, हे खरे. पण तुंबलेल्या गटारांत याच फुकटच्या पिशव्या मोठ्या प्रमाणात होत्या. पुढे २०१८ मध्ये महाराष्ट्रात आणि १ जुलै २०२२ पासून सबंध देशात एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. पिशवी कधीच फुकट नव्हती. तिचे मोल तेवढे दुकानात न घेता नाल्यात, नदीत आणि गाईच्या पोटात वसूल होत होते.

तेव्हा पहिला प्रश्न असा : ही वस्तू आणताना, वापरताना आणि टाकून देताना मिळून काय खर्च येतो? हप्त्यावर घेतलेला मोबाइल, दर महिन्याचे शुल्क, दुरुस्ती, त्यात जाणारे तास, हे सर्व खडे मांडल्यावाचून बुरुजाचा हिशेब पुरा होत नाही.

२. कठडा : धोका कोणाच्या वाट्याला?

अनुवादाच्या पुस्तकात नवीन घर बांधणाऱ्यासाठी एक लहानशी आज्ञा आहे : धाब्याला कठडा कर; नाहीतर तेथून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घराला लागेल. त्या देशात धाबे हा घराचा वापरता भाग असे. राहाबेने तागाची ताटे धाब्यावर पसरली होती (यहोशवा २:६), पेत्र प्रार्थनेसाठी धाब्यावर गेला होता (प्रे. कृत्ये १०:९). नियमशास्त्राने धाबे बांधू नये असे म्हटले नाही. सोय असू द्या, पण तिच्याबरोबर कठड्याचा खर्चही करा, एवढीच अट घातली. हा कठडा घरमालकापेक्षाही पाहुण्यासाठी, चाकरासाठी आणि खेळणाऱ्या मुलासाठी आहे. घर माझे असले तरी पडणारा दुसरा कोणी असू शकतो.

कठडा न बांधल्याचे फळ आपल्या देशाने भोपाळला पाहिले. पिकांवरील कीड मारण्याचे औषध शेतकऱ्याच्या उपयोगाचेच होते. परंतु २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. तेव्हा ते रसायन थंड ठेवणारी यंत्रणा बंद करून ठेवलेली होती आणि निसटता वायू जाळून टाकणारा मनोराही दुरुस्तीसाठी बंद होता. कठडे कागदावर होते, धाब्यावर नव्हते. आजूबाजूच्या वस्त्यांत झोपलेली हजारो माणसे प्राणास मुकली. त्या कारखान्याच्या आवारातील सुमारे ३३७ टन घातक कचरा हलविण्यास जानेवारी २०२५ उजाडला. चाळीस वर्षांनंतरही हिशेब चालूच होता आणि तो भरणाऱ्यांत त्या रात्री न जन्मलेली मुलेही होती.

आपल्या घरातील धाबे लहान असेल, पण कठड्याचा नियम तोच आहे. वृद्ध आईच्या हाती आपण मोबाइल देतो आणि बँकेचे खाते त्याला जोडून देतो. पोलीस असल्याची बतावणी करून, ‘डिजिटल अटक’ झाल्याची भीती घालून आयुष्याची पुंजी लुबाडणारे लोक आहेत, हे तिला कोणी समजावून सांगितले काय? सोय दिली आणि सावधगिरी शिकवली नाही, तर धाबे बांधले आणि कठडा राहिला, असेच म्हणावे लागेल.

३. जात्याची तळी : कोणाचा जीव गहाण पडतो?

तिसरी आज्ञा कर्ज देणाऱ्यासाठी आहे. जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये. कारण तसे करणे म्हणजे मनुष्याचा जीवच गहाण घेणे होय. वरच्या तळीसाठी इब्री भाषेत जो शब्द आहे तो ‘स्वार होणे’ या धातूपासून आला आहे. खालच्या दगडावर बसलेला तो स्वार. सावकाराने एवढा एकच दगड उचलून नेला तरी खालचा दगड निरुपयोगी होई आणि त्या दिवशी घरात भाकर होत नसे.

जात्याविषयी शास्त्र दोन गोष्टी सांगते आणि दोन्ही ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. एकीकडे दळणे हे अतिशय कष्टाचे, खालच्या पायरीचे काम होते. मिसरात फारोपासून खाली मोजत आल्यास शेवटी लागते ती जात्यामागे बसणारी दासी (निर्गम ११:५). शमशोनाला बंदिवासात दळावयास लावले होते (शास्ते १६:२१). दुसरीकडे जात्याचा आवाज हे नांदत्या घराचे लक्षण होते. तो थांबला की नगर ओस पडले असे समजावे (यिर्मया २५:१०; प्रकटीकरण १८:२२). शहरातल्या मुलांनी आज जाते पाहिलेलेही नसते. त्यामुळे हे दोन अर्थ त्यांच्यापर्यंत कसे पोचवावेत, हा भाषांतरकारापुढे खरोखरीचा प्रश्न आहे.

आपल्या मुलखातही जात्याची कथा याहून वेगळी नव्हती. पहाटे, इतर सर्व निजलेले असताना बाई उठे, मूठमूठ वैरण घाली आणि खुंटा धरून ओढू लागे. त्या श्रमातून ओवी निघाली. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात प्रसिद्ध केलेले सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ याच नावाच्या छंदात आहे. पुढे विजेच्या आणि डिझेलच्या गिरण्या गावोगाव आल्या व जाते कोपऱ्यात गेले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या; नाहीतर त्या गाणाऱ्या स्त्रियांबरोबरच लोपल्या असत्या.

आता तोलून पाहू. गिरणीने ओवी घालवली. जात्याला टाकी घालणाऱ्या कारागिराची भाकरही घालवली. घरच्या घरी होणाऱ्या दळणाला पैसे पडू लागले. हे सर्व नुकसान खरे आहे. तरीही जाते परत यावे असे म्हणण्याचा अधिकार ज्याने कधी खुंटा धरला नाही त्याला नाही. जात्यामागच्या बाईची पाठ आणि हात मोकळे झाले, ही प्रगती होय. कारण शास्त्राचे माप तिच्यापासूनच सुरू होते. शब्बाथाच्या आज्ञेत दास व दासी यांनाही धन्याप्रमाणेच विसावा मिळावा, असे स्पष्ट सांगितले आहे (अनुवाद ५:१४). सर्वांत खाली बसलेल्याला ज्यामुळे विसावा मिळतो ती खरी प्रगती. ज्या सोयीमुळे एकाचा विसावा हिरावून दुसऱ्याला दिला जातो, ती केवळ ओझ्याची हलवाहलव होय.

या मापाने आजच्या सोयी मोजून पाहाव्यात. दहा-वीस मिनिटांत सामान घरपोच मिळते, तेव्हा भर पावसात दुचाकी दामटणारा तरुण हा आपल्या काळातला जात्यामागचा मनुष्य नव्हे काय? मंडळीच्या सूचना यापुढे केवळ मोबाइलवरच येतील, असे कमिटीने सोयीसाठी ठरविले, तर ज्या विधवा भगिनीजवळ तसला मोबाइल नाही तिची वरची तळी आपण उचलून नेली असे होत नाही काय? खर्च थोडा वाचला, पण एक सभासद नकळत मंडळीबाहेर राहिली. येथे मोबाइल टाकून देण्याची गरज नाही. फळ्यावर एक कागद लावणे आणि तिच्या दारी एक माणूस पाठविणे पुरेसे आहे. हाच तो कठडा.

आपल्याकडे म्हण आहे : जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात. सुपातल्या दाण्याला आपली पाळी दिसत नाही, म्हणून तो हसतो. सोयीचे मोल आज दुसरा कोणी भरीत असेल, तर आपण सुपात आहोत एवढेच. ख्रिस्ती मनुष्याने मात्र आपली पाळी येण्याची वाट न पाहता जात्यातल्या दाण्याकडे आजच पाहावे; कारण शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करणे याचा बाजारहाटातला अर्थ तोच आहे.

मननासाठी व चर्चेसाठी प्रश्न :

१. गेल्या वर्षी आपल्या घरात आलेली एक वस्तू निवडा. तिचे सर्व ‘खडे’ मांडा. कोणता खडा घेताना दिसला नव्हता?

२. आपण दिलेल्या किंवा वापरलेल्या कोणत्या सोयीला अजून कठडा नाही? तो कोण बांधील आणि केव्हा?

३. आपल्या सोयीसाठी ज्यांचा विसावा कमी होतो अशी दोन माणसे कोणती? या आठवड्यात त्यांचे ओझे कसे हलके करता येईल?

४. आपल्या मंडळीतील एखाद्या नव्या व्यवस्थेमुळे कोणी मागे राहिले आहे काय? त्या व्यक्तीला प्रत्यक्ष भेटून विचारा.