सुकलेला जुना पर्ल परत वापरता येतो का? आणि त्याच्या भरवशावर गाडीचं काम घ्यावं का?



पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीने आपटा सोडलं की जिते येतं, मग हमरापूर आणि पुढे पेण. या पट्ट्यात गावोगावी गणपतीचे कारखाने आहेत. इथल्या पोरांच्या हाताला स्प्रे गनची सवय आहे, घरी कॉम्प्रेसर आहे, पितांबराला पर्लचा हात कसा मारायचा हे कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे "सर, बुलेटच्या टाक्या, हेल्मेट, गाड्या का करू नयेत?" हा प्रश्न मला इथूनच सगळ्यात जास्त येतो. करा की! पण आजचा विषय त्यातला एक छोटा आणि महागात पडू शकणारा भाग आहे.

जित्याच्या एका मुलाने माझ्यासमोर पत्र्याचा जुना डबा ठेवला. बंद पडलेल्या गॅरेजमधून फुकट मिळालेला. आत मोतिया पर्लची पेस्ट सुकून पापडासारखी झालेली. जुन्या फियाटच्या मालकाला तीच छटा हवी होती आणि आजच्या शेड कार्डात ती सापडत नव्हती. "सर, हा टाकायचा की वापरायचा?"

उत्तर देण्याआधी पर्ल म्हणजे काय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. आज आपण जो पर्ल वापरतो तो बहुतेक करून अभ्रकाचा पापुद्रा असतो आणि त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. या थराची जाडी बदलली की रंग बदलतो. सोनेरी आणि तांबूस छटांसाठी लोहाचं ऑक्साइड वापरतात. हे लांबून कुठून येतं असं समजू नका. सुदर्शन केमिकल ही पुण्याची कंपनी अशी मोतिया रंगद्रव्यं बनवते आणि तिचा एक कारखाना तुमच्याच रोह्याला आहे. अभ्रकाच्या आधी ही चमक मासळीच्या खवल्यांतून काढायचे, १७व्या शतकात फ्रान्समध्ये खोटे मोती त्यानेच चमकवत. कोकणातल्या माणसाला खवल्याची चमक वेगळी सांगायला नको.

तर मुद्दा असा, की अभ्रक सुकत नाही. वीस वर्षांनीही पापुद्रा तसाच असतो. सुकतो तो त्याला धरून ठेवणारा बाइंडर. म्हणून 'पर्ल जिवंत होईल का' असं न विचारता 'हा बाइंडर परत विरघळेल का' असं विचारा.

एनसी लॅकर नुसता थिनर उडून सुकतो, म्हणून थिनर दिला की परत विरघळतो. इनॅमल हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतो, हार्डनर घातलेला टू-के पीयू रासायनिक क्रियेने. हे दोन्ही परत येत नाहीत, कितीही थिनर ओता. पाण्यातला अॅक्रिलिक एकदा पूर्ण सुकला की तोही गेला. ओळखायला सोपी चाचणी आहे. हरभऱ्याएवढा तुकडा काचेच्या छोट्या बाटलीत घ्या, वर एनसी थिनर घाला, झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी हलवल्यावर दुधासारखं चमकतं पाणी झालं तर तुमचं नशीब. फुगून जेलीसारखे चिंध्या-चिंध्या तुकडे दिसले तर डबा विसरा, त्यात दिवस घालवू नका.

इथे एक इशारा, आणि हा गमतीने घेऊ नका. अभ्रकाचे पर्ल रुळण्याआधी कृत्रिम पर्लमध्ये शिशाचं कार्बोनेट सर्रास वापरलं जायचं. शिसं विषारी आहे. त्याची घनता अभ्रकाच्या दुपटीहून जास्त, म्हणून छोटा डबा हाताला नको तेवढा जड लागला, लेबल नाही आणि माल खूप जुना आहे, तर तो उघडूच नका. ज्या खोलीत लहान मुलं फिरतात आणि जेवणाचे डबे उघडतात, त्या कारखान्यात तर नाहीच.

आता चाचणी पास झालेल्या डब्याकडे येऊ. सुकलेला गोळा हातोडीने ठोकू नका आणि लोखंडी पट्टीने खरवडू नका. एक तर एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज, ते सुकं असताना भडकन पेटतं. दुसरं, पापुद्रे मोडतात. हा पापुद्रा दहा ते साठ मायक्रॉन रुंद असतो आणि जाडी एका मायक्रॉनहूनही कमी. मी स्वतः एकदा घाईत गोळा मिक्सरमधून काढला होता. रंग आला, पण चमक गेली. राखेसारखा मळकट हात बसला. आणि घरातलं भांडं गेलं ते वेगळंच.

बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत गोळा ठेवा, तो बुडून वर दोन बोटं राहील एवढा चांगल्या प्रतीचा थिनर घाला, झाकण लावा. दिवसभरात चार-पाच वेळा बरणी आडवी करून हळू लोळवा. गॅसवर किंवा उन्हात गरम करायचा मोह होईल, करू नका. दुसऱ्या दिवशी लाकडी काठीने ढवळा आणि पेंटच्या कागदी गाळणीतून गाळा. गाळणीत राहिलेल्या गुठळ्या परत भिजवा.

बरेच जण इथेच थांबतात आणि हाच माल गनमध्ये भरतात. चूक इथेच होते. जुना एनसी वयानुसार पिवळा पडतो. तो पिवळेपणा मोतिया छटेत उतरतो आणि तुम्हाला वाटतं पर्लच खराब होता. म्हणून तो धुवा. गाळलेला माल रात्रभर स्थिर ठेवला की पर्ल तळाशी बसतो. वरचा पिवळसर थिनर हलक्या हाताने ओतून काढा, ताजा घाला, हलवा, परत बसू द्या. असं तीनदा, वरचा थिनर स्वच्छ दिसेपर्यंत. काढलेल्या थिनरमध्ये नायट्रोसेल्युलोज आहे. तो झाकणाच्या डब्यात वेगळा ठेवा, गटारात नको, आणि त्यात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात तर अजिबात नको. कारखान्यात प्लास्टिकचे पडदे असतात, एक ठिणगी पुरते.

शेवटी तळाला राहिलेला पर्ल पसरट ताटलीत सावलीत सुकवा आणि वजन करा. हा आकडा तुमच्या धंद्याचा आहे.

कारण आता हिशेब. मिडकोटला साधारण एका लिटर क्लिअरमध्ये २५ ग्रॅम पर्ल धरतात. मध्यम गाडीला तयार मिडकोट दोन लिटर लागला तर ५० ग्रॅम झाले. नमुन्याच्या पट्ट्या, गनमध्ये आणि हवेत गेलेला माल धरून ६० म्हणा. आणि सहा महिन्यांनी गिऱ्हाईक दरवाजा घासून आणेल तेव्हा? ती छटा बाजारात नाही, म्हणून तर तुम्ही हा उद्योग केला. तेव्हा दुरुस्तीसाठी निदान २५-३० ग्रॅम बाजूला हवा. म्हणजे हातात ९० ग्रॅम धुतलेला, तपासलेला पर्ल असेल तरच पूर्ण गाडी घ्या. त्या मुलाच्या डब्यातून निघाले ४० ग्रॅम. गाडी नाही, पण टाकी आणि दोन हेल्मेट आरामात.

पैशाचंही बघा. समजा नवीन पर्ल १०० ग्रॅमला ४०० रुपये पडतो. जुना परत आणायला दोन लिटर थिनर, गाळण्या आणि तुमचे तीन-चार दिवसांतले मिळून सहा-सात तास गेले. नवीनपेक्षा हा महागच पडला! फुकटचा डबा फुकट नसतो. जी छटा दुसरीकडे मिळत नाही तिच्यासाठीच हे करा, आणि दरात ते तास लावा. "जुना माल आहे, कमी घ्या" म्हणणाऱ्याला जुना म्हणूनच जास्त का, ते नमुना दाखवून सांगा.

नमुना असा करा: एका पट्टीचा अर्धा भाग काळा, अर्धा पांढरा. दोन्हीवर सारखे हात मारा, वर क्लिअर द्या, उन्हात नेऊन तिरपं बघा. काही पर्ल काळ्यावर एक रंग दाखवतात आणि पांढऱ्यावर जवळपास दिसतच नाहीत. गिऱ्हाईकाची सही त्या पट्टीच्या मागे घ्या आणि पट्टी जपून ठेवा.

कारखान्यातल्या मुलांसाठी खास एक गोष्ट. गणपतीला लावता तीच पावडर गाडीला लावू नका. डोळ्यांना फरक कळत नाही. पण मूर्ती सावलीत मखरात बसते, गाडी वर्षानुवर्षं ऊन-पावसात उभी असते. बाहेरच्या कामासाठी पापुद्र्यावर वेगळी प्रक्रिया केलेला हवामान-प्रतिरोधक ग्रेड येतो. विकत घेताना तोच मागा. जुन्या डब्याचा ग्रेड माहीत नसतो, म्हणून मी त्या मुलाला टाकीच्या कामावरही लेखी हमी देऊ नको म्हटलं. तोंडी समजावून सांग, पण बिलावर 'जुनी छटा, रंगाची हमी नाही' असं स्वच्छ लिही.

आणि वेळ सांभाळा. पावसाळ्यात पेणच्या दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते, पर्लवर ती लगेच दिसते. रिटार्डर थिनर थोडा घातला तर बरं, पण मुसळधार पावसाच्या दिवशी गन हातात न घेणं उत्तम. टू-के क्लिअर मारताना साधा कापडी रुमाल चालत नाही. हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचा त्रास देऊ शकतं, योग्य मास्क आणि हवा खेळती हवीच. गाडीचा पूर्ण रंग बदलणार असाल तर काम सुरू करण्याआधी मालकाला आरटीओत नोंद करायला सांगा, आरसीवर रंग लिहिलेला असतो.

त्या मुलाने फियाटवाल्याला फोन करून पूर्ण गाडीला नाही सांगितलं. मालक म्हणाला, मग निदान डॅशबोर्ड त्या रंगात कर. डॅशबोर्डला दहा ग्रॅमही लागत नाही, आणि तो उन्हापावसात उभा राहत नाही.