सर्व्हर बंद कोणी करायचा?

मित्रांनो, लेखाचे नाव वाचून हसू नका. "बंद करायचा म्हणजे बटण दाबायचे, त्यात शिकण्यासारखे काय?" असे मलाही एके काळी वाटायचे. मग एक प्रसंग घडला आणि चांगलीच अक्कल आली. आधी तो प्रसंग सांगतो, मग धडा.

मी पूर्वी ज्या हॉस्टेलवर राहायचो (नाव नको!) तिथे कॉमन रूमशेजारच्या खोलीत आमचा एक 'सर्व्हर' होता. सर्व्हर कसला, जुना डेस्कटॉपच, पण त्यावर लिनक्स टाकलेले आणि पंचवीस-तीस पोरांची खाती. जो तो आपल्या रूममधून लॉगिन करून प्रोजेक्टचे काम चालवायचा. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी लाइट गेली. यूपीएस पीं-पीं करू लागला. मशीन नीट बंद करायला रूटचा पासवर्ड हवा, तो फक्त सरांकडे. आणि सर? ते नुकतेच कोपर स्टेशनचा जिना चढून वरच्या फलाटावरून वसईच्या गाडीत बसलेले. फोन लागेना. शेवटी आमच्यातल्या एकाने धीर करून पॉवरचे बटण दाबून धरले. मशीन गप्प!

लाइट आल्यावर मशीन सुरू झाले. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण फायनल इयरच्या एका मित्राने आपल्या तीन दिवस चाललेल्या सिम्युलेशनची आउटपुट फाइल उघडली, तर ती शून्य बाइट. सकाळी सबमिशन होते. तो काहीच बोलला नाही, नुसता पायरीवर बसून राहिला. ज्याने बटण दाबले त्याला मात्र सगळ्यांनी झोडपले. महिनाभर दोघे एका टेबलावर जेवले नाहीत.

आज मला वाटते, चूक त्या पोराची नव्हती, आमच्या व्यवस्थेची होती. ती कशी, ते पाहू.

बटण दाबून धरल्यावर काय होते?

आपण फाइल सेव्ह केली म्हणजे ती लगेच हार्ड डिस्कवर गेली, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. डिस्क मेमरीपेक्षा फार हळू असल्यामुळे लिनक्सचे कर्नल लिहायचा मजकूर आधी मेमरीत साठवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. नेहमीच्या सेटिंगमध्ये हा मजकूर साधारण ३० सेकंदांपर्यंत नुसता मेमरीत असू शकतो. तेवढ्यात वीज तोडली की तो गेला!

"पण जर्नल असते ना?" असे कोणी हुशार विचारेल. असते. लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये २००१ साली ईएक्सटी-३ आली, पुढे २००८ साली ईएक्सटी-४ पक्की झाली, आणि अचानक बंद पडलेले मशीन झटपट उभे राहू लागले. पण नेहमीच्या सेटिंगमध्ये जर्नल सांभाळते ते फाइल सिस्टिमचा सांगाडा: कोणती फाइल कुठे, कोणती जागा रिकामी. तुमच्या फाइलमधला शेवटचा मजकूर सांभाळायची हमी ते देत नाही. आमच्या मित्राचा प्रोग्राम दर थोड्या वेळाने तीच फाइल रिकामी करून नव्याने लिहायचा. जुने पुसले गेले होते, नवे अजून मेमरीत होते, आणि नेमके त्याच क्षणी बटण दाबले गेले. घर शाबूत, तिजोरी रिकामी!

याउलट शटडाऊनची कमांड दिली की गोष्टी क्रमाने होतात. लॉगिन असलेल्या सगळ्यांच्या पडद्यावर सूचना जाते, नवीन लॉगिन थांबते, ठरलेल्या वेळी चालू प्रोग्रामना 'आवरा' असा सिग्नल मिळतो, जे ऐकत नाहीत त्यांना सक्तीने बंद केले जाते, मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरतो, डिस्क अनमाउंट होते आणि मग वीज तोडली जाते.

मग हा हक्क सगळ्यांना का नाही?

याचे उत्तर युनिक्सच्या जन्मात आहे. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केले, आणि लवकरच एका मशीनला अनेक टर्मिनल जोडून अनेकांनी काम करायची पद्धत पडली. मशीन एकाचे नाही, सगळ्यांचे. एकाचे काम संपले म्हणून त्याने ते बंद केले तर बाकीच्यांनी काय करायचे? म्हणून बंद करायचा अधिकार रूटकडे.

इथे लोकलचे उदाहरण घ्या. गाडी चालवायचे हँडल मोटरमनकडे. पण डब्यात प्रसंग आला तर? मोटरमनची वाट बघत बसायचे का? नाही, डब्यात साखळी आहे. ती ओढून गाडी थांबवता येते, चालवता येत नाही. ती ओढायला गाडीत असावे लागते, घरबसल्या ओढता येत नाही. आणि कारण नसताना ओढली तर रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४१ खाली गुन्हा. म्हणजे हक्क आहे, पण एवढाच, आणि जबाबदारीसकट. आपल्या सर्व्हरला नेमकी अशीच साखळी हवी.

चुकीचे उपाय

१) रूटचा पासवर्ड चार जणांना सांगून ठेवणे. हे म्हणजे साखळीऐवजी मोटरमनचे हँडलच प्रवाशाच्या हाती देणे. मशीन बंद करू शकणारा माणूस मग सगळ्यांच्या फाइल वाचूही शकतो आणि उडवूही शकतो. शिवाय सगळेच 'रूट' म्हणून आले की नक्की कोणी काय केले ते कळत नाही.

२) पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवणे. यावर काही बोलायलाच नको.

३) शटडाऊनच्या प्रोग्रामवर सेट-यूआयडी बिट लावणे. ही सोय डेनिस रिची यांचीच, तिच्या पेटंटसाठी अर्ज १९७३ साली झाला आणि १९७९ साली ते मिळाले. ती उत्तम आहे. आपण आपला पासवर्ड बदलू शकतो तो तिच्याच जोरावर, कारण पासवर्डची फाइल असते रूटची. पण शटडाऊनला असा बिट लावला तर ज्याचे खाते आहे तो कोणीही, रात्री तीन वाजता आपल्या रूममधून, मित्राची गंमत म्हणून सर्व्हर पाडू शकेल. आपली पोरे ओळखून आहात ना?

योग्य उपाय: सुडो

१९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठातील कॉम्प्युटर सायन्स विभागात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी सुडो नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. म्हणजे हाही एका कॉलेजच्याच गरजेतून आलेला बरं का! त्याचे तत्त्व सोपे आहे: अमुक माणसाला, अमुक मशीनवर, फक्त अमुक कमांड रूटच्या वतीने चालवू द्यायची. त्याची नोंदही ठेवायची.

आता पायऱ्या पाहू. (आपला विभाग मराठी असल्याने कमांडचे उच्चार दिले आहेत. टाइप अर्थातच इंग्रजीत करायचे.) ही तयारी रूट असलेल्या माणसाने एकदाच करायची आहे.

पायरी पहिली: 'ग्रुपॲड' वापरून एक नवा गट तयार करा. त्याला 'रखवाले' म्हणू. प्रत्येक मजल्यावरचे दोन भरवशाचे विद्यार्थी आणि रेक्टर यांना 'यूजरमॉड' वापरून त्यात घाला. इथे एक खड्डा आहे. 'डॅश कॅपिटल जी' सोबत 'स्मॉल ए' हा पर्याय विसरलात तर तो माणूस नव्या गटात जातो, पण आधीच्या बाकी सगळ्या जादा गटांतून बाहेर पडतो. गटात घातल्यावर त्याने एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करायचे, तेव्हा गट लागू होतो.

पायरी दुसरी: सुडोचे नियम 'सुडोअर्स' फाइलमध्ये असतात. ती साध्या एडिटरने कधीही उघडू नका! 'व्हिसुडो' वापरा. तो सेव्ह करण्याआधी व्याकरण तपासतो. त्यात चूक राहिली तर सुडो काम करायचा थांबू शकतो आणि दुरुस्त करायलाही सुडो उरत नाही. त्याहून बरे म्हणजे 'सुडोअर्स डॉट डी' या फोल्डरात, व्हिसुडोनेच, आपली वेगळी छोटी फाइल करा. तिच्या नावात टिंब येऊ देऊ नका, टिंब असलेली फाइल सुडो वाचतच नाही.

पायरी तिसरी: नियमाची ओळ. टक्क्याचे चिन्ह आणि लगेच गटाचे नाव, मग कोणत्या मशीनवर, बरोबरचे चिन्ह, कंसात रूट, आणि शेवटी कमांड. कमांड पूर्ण पत्त्यासकट लिहायची, आणि पुढचे पर्यायसुद्धा लिहायचे: 'शटडाऊन, डॅश एच, प्लस दोन'. म्हणजे दोन मिनिटांची सूचना देऊन बंद. पर्याय लिहिले नाहीत तर सुडो कोणताही पर्याय चालवून घेतो, म्हणजे 'शटडाऊन नाऊ' सुद्धा! मग दोन मिनिटांची सूचना गेली उडत. दुसरी ओळ 'शटडाऊन, डॅश सी' साठी. लाइट परत आली तर दिलेला हुकूम मागे घेता आला पाहिजे.

पासवर्ड विचारायचा की नाही? सुडो रूटचा नाही, ज्याचा त्याचा स्वतःचा पासवर्ड विचारतो. काळोखात, यूपीएस ओरडत असताना तीनदा चुकेल अशी भीती वाटत असेल तर फक्त या दोन ओळींना 'नो-पासवर्ड' लावा. इतर कशालाही नको.

दोन मिनिटेच का? तुमचा यूपीएस किती वेळ टिकतो ते आधी घड्याळ लावून पाहा. नुसती सूचनेची वेळ धरून भागत नाही. आजच्या बहुतेक लिनक्सवरची सिस्टिम-डी एखादी हट्टी सर्व्हिस थांबण्याची ९० सेकंदांपर्यंत वाट पाहते. यूपीएस पाच मिनिटे टिकत असेल आणि तुम्ही सूचनाच पाच मिनिटांची दिली, तर सगळे मुसळ केरात.

मशीनसमोर बसलेल्यासाठी

आज बहुतेक लिनक्सवर थोडी साखळी आयतीच मिळते. प्रत्यक्ष मशीनसमोर लॉगिन केलेला साधा वापरकर्ता मेनूतून मशीन बंद करू शकतो. पण त्याच वेळी दुसरे कोणी लॉगिन असेल तर सहसा ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो, आणि दुरून लॉगिन केलेल्याला तो तसाही मागितला जातो. ही राखण सिस्टिम-डी आणि पोलकिट मिळून करतात. जुन्या लिनक्समध्येही अशी सोय होती. 'शटडाऊन डॉट अलाऊ' फाइलमध्ये नाव असलेला माणूस मशीनसमोर लॉगिन असेल तरच कंट्रोल-ऑल्ट-डिलीट चालायचे, अशी व्यवस्था करता यायची.

आणि आता ते बटण! बहुतेक मशीनवर पॉवरचे बटण एकदा दाबून सोडले तर तो फक्त निरोप असतो. लिनक्स तो ऐकते आणि वर सांगितलेल्या क्रमाने नीट बंद होते. तेच बटण साधारण चार सेकंद दाबून धरले तर हार्डवेअर स्वतःच वीज तोडते, लिनक्सला कोणी विचारतही नाही. म्हणजे आमच्या त्या मित्राने बटण दाबून लगेच सोडले असते, तर निदान तोवर लिहिलेली ओळ न् ओळ डिस्कवर पोचली असती. एवढे साधे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

रखवाल्यांसाठी चार नियम

१) आधी 'हू' कमांड देऊन कोण कोण लॉगिन आहे ते पाहा. वेळ असेल तर त्यांना हाक मारा.
२) नेहमी सूचनेसकट बंद करा. बटण हा शेवटचा उपाय, आणि तोही दाबून सोडण्याचा.
३) बंद केलेला सर्व्हर रूममधून चालू करता येत नाही. कोणीतरी तिथे जावे लागते. किल्ली कोणाकडे आहे ते माहीत असू द्या.
४) कोणी, केव्हा, का बंद केले ते वहीत लिहा. सुडो नाव आणि वेळ नोंदवतो, कारण नोंदवत नाही.

शेवटी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल ठप्प झाल्या आणि असंख्य माणसे रात्रभर जिथल्या तिथे अडकली. तेवढे मोठे काही व्हायलाच हवे असे नाही. कोपरला फास्ट गाड्या थांबत नाहीत, वरच्या वसई मार्गावर गाड्या मोजक्याच. एक गाडी चुकली की आपला पासवर्डवाला माणूस तासभर नाहीसा! जी व्यवस्था एकाच माणसाच्या खिशात आहे, ती त्याच्याबरोबर गाडीत बसून निघून जाते.

म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्यांना विनंती: हँडल तुमच्याकडेच ठेवा, पण साखळी बसवा. अर्ध्या तासाचे काम आहे. आणि वाचकांना विनंती: साखळी हाती आली म्हणून ओढून बघू नका. पलीकडच्या रूममध्ये कोणाचे तरी तीन दिवस चालू असतात.

ता. क. ते दोघे पुढे पुन्हा एका टेबलावर जेवू लागले. सरांनी त्या मित्राला दोन दिवस वाढवून दिले होते. आणि नव्या व्यवस्थेत पहिला रखवाला म्हणून आम्ही कोणाला नेमले असेल? ज्याने बटण दाबून धरले होते, त्यालाच!