ऊर्जा सारखी, मग झटका जास्त का?

व्हायव्हात भल्याभल्यांची विकेट काढणारा प्रश्न! सारख्याच वजनाची दोन पिस्तुलं. एकातून १५ ग्रॅमची गोळी सेकंदाला २५० मीटर वेगाने सुटते, दुसऱ्यातून ७.५ ग्रॅमची ३६० मीटरने. झटका कुणाचा जास्त? ऊर्जा ४६९ आणि ४८६ ज्यूल, म्हणजे हलकीचा? चूक! झटका ठरतो संवेगावर: ३.७५ विरुद्ध २.७.

ब्राऊनिंगच्या १९११ च्या पिस्तुलात हाच संवेग स्लाइड मागे ढकलतो, रिकामं नळकांडं बाहेर फेकतो. अमेरिकेत हौशी लोक घरी शिसं ओतून काडतुसं भरतात. गोळी जड केली, पण दारू तेवढीच ठेवली, तर फसगत! काडतुसाची लांबी मॅगझिनने बांधलेली. लांब गोळी आत खोल बसते, जागा आक्रसते, दाब भलताच चढतो. तेव्हा नळकांडं हाताशीच फुटू शकतं.