कंपन्यांचे मोजमाप : मुलांसाठी एक नवा पेशा

पुण्याहून सोलापूरकडे जाताना इंदापूरच्या अलीकडे लोणी देवकरची औद्योगिक वसाहत लागते. जवळ उजनी धरणाचे पाणी, शिवारात ऊस आणि मध्ये कारखाने. कारखाना आला की गावात दोन प्रश्न विचारले जातात : नोकऱ्या किती मिळणार आणि जमिनीला भाव काय येणार? पाणी किती घेणार, सांडपाणी कुठे सोडणार, कामगाराला कसे वागवणार, हे फारसे कोणी विचारत नाही. आता मात्र हेच प्रश्न शेअर बाजार आणि परदेशी गिऱ्हाईक विचारू लागले आहेत. त्यांची उत्तरे आकड्यांत काढणे हा आज एक स्वतंत्र पेशा आहे. बारामती-इंदापूर भागातील पालकांनी तो समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

मागणी कोठून आली?

सेबीने 2021 साली नियम केला आणि 2022-23 पासून शेअर बाजारातील पहिल्या 1000 कंपन्यांना नफा-तोट्याबरोबर पाणी, वीज, कचरा, धूर व कामगार यांचाही अहवाल देणे बंधनकारक झाले. धुराचा हिशेब तीन भागांत होतो. गिरणीच्या बॉयलरमध्ये जळणारा कोळसा हा पहिला, विकत घेतलेली वीज हा दुसरा आणि कापूस, सूत, रंग, वाहतूक हा तिसरा. मोठी कंपनी तिसरा हिशेब मांडू लागली की तिला माल देणाऱ्या लहान रंगाईवाल्याच्या दारातही फॉर्म येतो. म्हणून आम्हा कापडवाल्यांना हा विषय परका नाही.

संशोधक काय करतो?

फॉर्म भरणारा वेगळा आणि संशोधक वेगळा. संशोधक विचारतो, हे माप खरे आहे का?

याचे उत्तम उदाहरण शेजारच्या गुजरातचे आहे. तेथे प्रदूषण तपासणारा ऑडिटर कारखानाच निवडत असे आणि फीही कारखानाच देत असे. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे व निकोलस रायन या संशोधकांनी राज्याच्या प्रदूषण मंडळाबरोबर 2009 ते 2011 या काळात प्रयोग केला. काही कारखान्यांचे ऑडिटर सोडत काढून नेमले, फी ठरवून दिली, ती एका सामाईक निधीतून दिली आणि काही नोंदी दुसऱ्याकडून पुन्हा मोजून घेतल्या. परिणाम असा झाला की ‘मर्यादेत आहे’ अशी खोटी नोंद होण्याचे प्रमाण सुमारे 80 टक्क्यांनी घटले. इतकेच नव्हे, त्या कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले. हा अभ्यास 2013 साली छापून आला. डुफ्लो यांना 2019 मध्ये, गरिबीवरील प्रयोगांच्या कामासाठी, अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

दुकानदाराला यात नवल वाटू नये. आमच्या मीटरपट्टीवर शिक्का मारण्याची फी आम्हीच भरतो. पण इन्स्पेक्टर आम्ही निवडत नाही. म्हणून त्या शिक्क्याला किंमत आहे.

दुसरे उदाहरण. अमेरिकेच्या एमआयटी संस्थेतील फ्लोरियन बर्ग आणि सहकाऱ्यांनी कंपन्यांना गुण देणाऱ्या सहा संस्थांची तुलना केली. पूर्ण एकमत म्हणजे 1 धरले, तर त्यांच्यातील मेळ सरासरी 0.54 निघाला. निम्म्याहून अधिक फरक एकच गोष्ट वेगवेगळ्या रीतीने मोजल्यामुळे पडला होता. म्हणजे एकाच ठाणाचे माप प्रत्येक दुकानात निराळे!

तिसरे उदाहरण आमच्याच धंद्याचे. कापडाचा पर्यावरणावरील भार मोजणारा ‘हिग इंडेक्स’ मोठमोठे ब्रँड वापरत होते. जून 2022 मध्ये नॉर्वेच्या ग्राहक खात्याने सांगितले की, या सरासरी आकड्यांच्या आधारे एखाद्या विशिष्ट कपड्याला ‘हिरवा’ म्हणणे ग्राहकाची दिशाभूल आहे. त्यानंतर ते लेबल थांबवावे लागले.

रस्ता कसा आहे?

बारावीनंतर विज्ञान, वाणिज्य किंवा अर्थशास्त्र, काहीही चालेल. पण संख्याशास्त्र पक्के हवे. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहेच. पुढे पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थशास्त्र किंवा मुंबईच्या आयआयटीत पर्यावरण अभियांत्रिकी असे मार्ग आहेत. त्यानंतर नेट परीक्षा व पीएच.डी. नेटमधून जेआरएफ मिळाली तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप 2022-23 पासून बंद झाली, त्यामुळे आता जेआरएफवरच नजर ठेवावी. इतका लांब पल्ला नको असेल, तर एनर्जी ऑडिटरची सरकारी परीक्षाही आहे.

नोकरी विद्यापीठात, बँकेत, पतमानांकन संस्थेत, सल्लागार कंपनीत किंवा कारखान्यातच मिळते. उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलाने बिचकू नये. इंग्रजी मेहनतीने येते. मात्र त्याला सूतगिरणी, साखर कारखाना आणि विहिरीचे पाणी डोळ्यांनी पाहून ठाऊक असते, हे भांडवल कमी नाही.

एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवावी. या पेशात ज्याला मोजायचे, तोच अनेकदा पगार देतो. आकडा थोडा वाकवला तर साहेब खूश होईल, पण नुकसान त्याच पाण्यावर शेती करणाऱ्याचे होईल. कामाला लागण्यापूर्वी विचारावे की आपला अहवाल दुसरा कोणी तपासणार आहे का? जेथे उत्तर ‘नाही’ असेल, तेथे मोठ्या पगारालाही दोनदा विचार करून हो म्हणावे.