इंजिन तेच, पण गाडी वेगळी
ओमनीत ‘आठशे’चे इंजिन बसवणाऱ्यांसाठी

चादर-टॉवेलच्या धंद्यात माल मागावरून उतरला म्हणजे काम संपत नाही. तो वेळेवर ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोहोचला तरच बिल होते. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून गठ्ठे उचलायला आपल्यापैकी पुष्कळांनी वर्षानुवर्षे मारुती ओमनी वापरली. कंपनीने २०१९ साली ती बनवणे बंद केले, तरी जुन्या गाड्या अजून रोजी कमावून देत आहेत. अशा गाडीच्या मालकापुढे आज ना उद्या इंजिनाचा प्रश्न येतोच. मग मिस्त्री सांगतो, “शेठ, आठशेचे इंजिन मिळतेय, टाकून देऊ. दोन्हींचे इंजिन एकच आहे.”

हे बोलणे अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्याने माझे पैसे दोनदा घालवले, म्हणून हा लेख लिहायला बसलो.

आधी खरा अर्धा भाग पाहू. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि पुढच्याच वर्षी मारुतीची व्हॅन आली. तिलाच नंतर ओमनी हे नाव मिळाले. दोन्हींत तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे एफ८बी इंजिन. मूळ रचना एकच. पण आठशेमध्ये हे इंजिन पुढे बॉनेटखाली आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते. ओमनीत तेच इंजिन पुढच्या सीटखाली, उभ्या लांबीत आणि कलते बसते. तिथून प्रॉपेलर शाफ्टमार्फत मागची चाके फिरतात. त्यामुळे इंजिनाच्या भोवती जे लटकते ते बरेचसे बदलते : ऑइलचे चेंबर, चेंबरमधली जाळी, ऑइल मोजायची पट्टी, मॅनिफोल्ड, फाउंडेशनचे ब्रॅकेट, पाण्याच्या पाइपांची तोंडे. आपल्या धंद्यातले उदाहरण द्यायचे तर वीस काउंटचे सूत दोन गिरण्यांतून आले, काउंट एकच, पण पीळ वेगळा. बिलावर फरक दिसत नाही, मागावर चढवले की तारा तुटू लागतात.

माझ्या ओमनीचे इंजिन ऑइल खाऊ लागले तेव्हा सोळा हजारांत आठशेचे हाफ इंजिन घेतले. तीन दिवसांत गाडी सुरू झाली, आवाजही गोड. चौथ्या दिवशी वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. मिस्त्री म्हणाला, “स्विच गेलाय.” स्विच बदलला, तरी दिवा लागतच होता. शेवटी त्याने स्विचची वायरच काढून ठेवली. दिवा बंद झाला आणि मी खूश झालो! तिसऱ्या आठवड्यात गाडीत गठ्ठे भरून तुळजापूरचा घाट चढत असताना खालून खट-खट आवाज येऊ लागला. क्रँकच्या बेअरिंग खलास झाल्या होत्या.

दुसऱ्या उस्तादांनी चेंबर खोलले आणि मला बोलावून दाखवले. चेंबर ओमनीचे, आत जाळी मात्र आठशेची. चेंबरचा जो खोल भाग, जिथे ऑइल साचते, तिथपर्यंत जाळी पोहोचतच नव्हती. सपाट रस्त्यावर कसेबसे भागायचे. चढावर किंवा वळणावर ऑइल एका बाजूला सरकले की पंप ऑइलऐवजी हवा ओढायचा. उस्ताद म्हणाले, “शेठ, दिवा बरोबरच सांगत होता.”

जाळी, चेंबर आणि पट्टी हे तिन्ही भाग मिळून एक संच आहे. तिन्ही एकाच गाडीचे हवेत, आणि तेही ज्या गाडीत इंजिन बसणार तिचे. पट्टीचा धोका तर दिसतही नाही. कलत्या इंजिनात सरळ इंजिनाची पट्टी घातली तर ती खोटे माप दाखवते. तपासायची रीत सोपी आहे. ऑइल पूर्ण काढा, आपल्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिले आहे तेवढे लिटरने मोजून भरा, इंजिन थोडे चालवून बंद करा, दहा मिनिटांनी पट्टी पाहा. वरच्या खुणेला ऑइल लागले नाही तर पट्टी दुसऱ्या गाडीची आहे.

दिवा लागलाच तर अंदाज करत बसू नये. स्विच काढून त्याच जागी प्रेशरचा काटा लावता येतो. काटा ठीक आणि दिवा चालू, तर दोष स्विचचा किंवा वायरचा. काटाही पडत असेल तर इंजिन तिथेच बंद करावे. दिवा फक्त वळणावर, चढावर किंवा ब्रेक मारताना लागत असेल तर ऑइलची पातळी आणि जाळी पाहावी. गरम झाल्यावर आयडलला तो नेहमीच लागत असेल तर बेअरिंग किंवा पंप झिजलेला असतो, म्हणजे मुळात थकलेले इंजिन विकत घेतले.

दुसरी तक्रार गाडी गरम होण्याची. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे आपल्याकडे ही तक्रार लवकर येते आणि लगेच रेडिएटरला दोष दिला जातो. इंजिन बदलल्यानंतर पहिला संशय हवेचा घ्यावा. पाणी घाईने ओतले की पाइपांत हवा अडकते. थंड इंजिनावर झाकण उघडे ठेवून सावकाश पाणी भरावे, आयडलला चालवावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहावे. इंजिन एकदा तापल्यावर मात्र झाकणाला हात लावू नये. वरचा पाइप तापलेला आणि खालचा थंड असेल तर पाणी फिरत नाही : थर्मोस्टॅट, अडकलेली हवा किंवा ओढून-ताणून बसवताना मुडपलेला पाइप. दोन्ही पाइप तापले तरी काटा चढतोच आहे, तर पंख्याची जोडणी पाहावी. बुडबुडे थांबतच नसतील तर हेडचे पॅकिंग गेले आहे.

तिसरी तक्रार : इंजिन नीट सुरू होत नाही, मिस मारते. इथे नियम एकच आहे. विकत घेतलेल्या इंजिनाचा फक्त ब्लॉक आणि हेड घ्यावे, बाकी सर्व, म्हणजे मॅनिफोल्ड, सेन्सर, वायरिंग आणि इंजेक्शनचे सामान, आपल्या गाडीचे चढवावे. जुन्या गाड्या कार्ब्युरेटरच्या, २००० सालाच्या आसपासपासूनच्या इंजेक्शनच्या. ही सरमिसळ केली तर गाडीच्या कॉम्प्युटरला इंजिनाची खबरच नीट मिळत नाही. प्लगच्या वायरींचा क्रम १-३-२ आहे, तो उलटला तरी इंजिन धक्के देते. स्टार्टर सुस्त फिरत असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थची पट्टी पाहा. इंजिन उतरवताना ती काढतात आणि चढवताना विसरतात. मग करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. स्टार्टर मारल्यावर ही केबल गरम लागली तर दोष सापडलाच.

थरथरण्याचे थोडक्यात सांगतो. तीन सिलिंडरचे इंजिन थोडे हलणारच. उभ्या गाडीत जास्त हलत असेल तर एकेका प्लगची वायर काढून पाहतात. ज्याची काढल्यावर काही फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाही. हे इन्सुलेटेड पक्कड घेऊन मिस्त्रीनेच करावे आणि फार वेळ करू नये. सिलिंडर ठीक असतील तर फाउंडेशनचे बोल्ट ढिले करून इंजिन आपल्या जागी बसू द्यावे आणि पुन्हा आवळावे. गाडी वेगात असतानाच थरथरत असेल तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस पाहावा.

इंजिन घेताना मी आता काय करतो? तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन माझ्यासमोर मोजायला लावतो. आपसांत एक किलोहून जास्त फरक असेल तर सौदा सोडतो. बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, क्रँकचे सील आणि क्लच प्लेट बदलून घेतो, कारण नंतर त्याच कामासाठी पुन्हा इंजिन उतरवण्याची मजुरी द्यावी लागते. आणि अल्टोचे इंजिन ‘तेच’ म्हणून कोणी दाखवले तर हात जोडतो. तेही ७९६ सीसीचेच, पण एफ८डी. त्याला प्रत्येक सिलिंडरमागे चार वाल्व आहेत, आपल्या साध्या एफ८बीला दोन.

आता कागदाची बाजू, जी आपले कारागीर आणि व्यापारी सर्वांत जास्त टाळतात. आरसी बुकात चॅसिस नंबरबरोबर इंजिन नंबरही असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलले तर १४ दिवसांत आरटीओला कळवून, फी भरून नोंद बदलून घ्यावी लागते. गाडी कर्जाची किंवा हप्त्याची असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती आधी घ्यावी. माझा सल्ला असा की इंजिन घेण्याआधीच आरटीओत विचारावे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आहे की, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाच्या विरोधात जाणारा बदल चालणार नाही. म्हणून इंधन, सीसी आणि प्रकार जुळणारेच इंजिन शोधावे.

नोंद केली नाही तर रोज काही बिघडत नाही, हेही खरे. बिघडते ते तीन वेळा : पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवताना, अपघातानंतर विमा मागताना आणि पोलिसांनी नाक्यावर नंबर ताडून पाहिल्यावर. तिसरी वेळ सर्वांत वाईट. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून असो की गावातल्या दुकानातून, इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे चोरीचा माल ठेवल्याचा प्रश्न घेणाऱ्यापुढे उभा राहतो. मग “मला मालूम नव्हते” हे पटवून द्यायला कागदच लागतो. इंजिन नंबर लिहिलेली पक्की पावती, ज्या गाडीतून ते निघाले तिच्या आरसीची झेरॉक्स आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, एवढे मिळत नसेल तर भाव कितीही कमी असो, तो घेऊ नये. नंबरची जागा घासलेली किंवा पुन्हा ठोकलेली दिसली तर दुकानात बसूही नये.

माझ्या ओमनीत आता ओमनीचेच इंजिन आहे. भाव जास्त पडला, पण चेंबर, जाळी आणि पट्टी त्याच्याबरोबरच आली. ऑइलच्या दिव्याची वायर मी स्वतःच्या हाताने जोडली.