स्थावर की जंगम? कारखान्यात बनणाऱ्या घराचा धडा



या वेळच्या पाठासाठी दोन शब्द घेतले आहेत : स्थावर आणि जंगम. 'स्था' म्हणजे उभे राहणे, त्यावरून स्थावर. 'गम्' म्हणजे जाणे, त्यावरून जंगम. जमीन, घर, विहीर ही स्थावर मालमत्ता. दागिने, भांडीकुंडी, गाडी, गुरेढोरे ही जंगम. आजी-आजोबांच्या मृत्युपत्रात किंवा बँकेच्या कागदांत ही जोडी हमखास भेटते.

आता प्रश्न असा : घर जंगम असू शकते का?

आपण राहतो त्या अमेरिकेत असू शकते! हायवेवर 'ओव्हरसाइझ लोड' अशी पिवळी पाटी लावलेल्या ट्रकमागे अर्धे घर जाताना तुम्ही पाहिले असेल. एका बाजूला खिडक्या आणि दुसरी बाजू प्लास्टिकने झाकलेली. हे कारखान्यात तयार झालेले घर, म्हणजे मॅन्युफॅक्चर्ड होम. लोक अजून त्याला जुन्या सवयीने मोबाइल होम किंवा ट्रेलर म्हणतात. अमेरिकेत सुमारे दोन कोटी लोक अशा घरांत राहतात.

घर कसे बनते?

गाड्यांच्या कारखान्यासारखीच येथे रांग असते. आधी पोलादी सांगाडा, त्यावर जमीन, मग भिंती, वायरिंग, नळ आणि छप्पर. सगळे छपराखाली होत असल्याने पावसामुळे काम अडत नाही आणि सामान वाया कमी जाते. म्हणून हे घर जागेवर बांधलेल्या घरापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. रुंद घर दोन तुकड्यांत येते आणि जागेवर जोडले जाते.

१९७४ साली केंद्र सरकारने या घरांसाठी कायदा केला आणि १५ जून १९७६ पासून देशभर एकच नियमावली लागू झाली. गृहनिर्माण खात्याला सगळे 'हड' म्हणतात, म्हणून ही 'हड कोड'. नियम पाळून बनवलेल्या घराच्या प्रत्येक तुकड्याला बाहेरून धातूची लाल पट्टी लावतात. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात फ्लोरिडातील अशी असंख्य घरे उद्ध्वस्त झाली. त्यानंतर १९९४ साली वादळी भागांसाठीचे नियम अधिक कडक झाले. घर कोणत्या वाऱ्यासाठी बनवले आहे, ते आतल्या एका छापील कागदावर लिहिलेले असते.

ते विकले कसे जाते?

गाडीसारखे! हायवेकाठी मोकळ्या जागेत नमुन्याची घरे मांडलेली असतात, वर पताका फडकत असतात. विक्रेता किंमत सांगतो, गालिचा आणि कपाटे निवडायला लावतो आणि बऱ्याचदा कर्जाची व्यवस्थाही तोच करून देतो. बऱ्याच राज्यांत तर मालकीचा कागदही गाडीसारखा 'टायटल' असतो. म्हणजे कायद्याच्या नजरेत हे घर जंगम. तेच घर स्वतःच्या जमिनीवर पक्क्या पायावर बसवून, टायटल परत करून नोंदणी केली, की बहुतेक राज्यांत ते स्थावर होते.

जंगम मालावरच्या कर्जाला इंग्रजीत 'चॅटल लोन' म्हणतात. गंमत पाहा : 'चॅटल' आणि 'कॅटल' हे दोन्ही शब्द एकाच मुळातले आहेत. आपल्याकडेही गोधन, पशुधन म्हणतातच. गुरे हीच माणसाची पहिली जंगम दौलत!

पण या शब्दाची किंमत मोजावी लागते. चॅटल लोनचे व्याज साधारणपणे जमिनीसकट घेतलेल्या घराच्या कर्जापेक्षा जास्त असते. एक काल्पनिक उदाहरण करू. कर्ज ६०,००० डॉलर, मुदत २० वर्षे.

७ टक्के व्याज : महिना सुमारे ४६५ डॉलर
१० टक्के व्याज : महिना सुमारे ५७९ डॉलर

महिन्याला फरक ११४ डॉलर. २४० महिन्यांनी गुणा. सत्तावीस हजारांहून जास्त! घर तेच, भिंती त्याच.

१९९० नंतरच्या वर्षांत ही कर्जे सढळ हाताने वाटली गेली. विक्रेत्याला विक्रीशी मतलब. कर्ज देणारा अनेक कर्जांचे गाठोडे बांधून ते गुंतवणूकदारांना विकून मोकळा. हप्ते थकले तर नुकसान तिसऱ्याचेच. १९९८ साली सुमारे पावणेचार लाख नवी घरे कारखान्यांतून बाहेर पडली. मग हप्ते थकू लागले, घरे जप्त झाली आणि तीच पुन्हा विक्रीला आली. या धंद्यातली मोठी कर्जकंपनी विकत घेतलेल्या कॉन्सेकोने २००२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. टेनेसीमधली क्लेटन होम्स टिकून राहिली, ती २००३ मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने विकत घेतली. २००९ पर्यंत वर्षाची घरे ५० हजारांच्या आसपास आली होती.

खरी मेख

अनेक कुटुंबांचे घर स्वतःचे असते, पण ज्या जागेवर ते उभे आहे ती पार्कच्या मालकाची. तिचे भाडे दरमहा वेगळे. मालकाने भाडे वाढवले तर काय करायचे? 'जंगम' घर उचलून न्यायचे? हलवायला हजारो डॉलर लागतात, जुने घर वाटेत टिकेलच असे नाही आणि दुसरा पार्क जुने घर घेईलच असेही नाही. कागदावर जंगम, प्रत्यक्षात स्थावर! सावकाराला ते जंगम म्हणून जास्त व्याज मिळते आणि पार्कमालकाला ते हलत नाही म्हणून जास्त भाडे. दोन्हीकडून भरडला जातो तो राहणारा.

यावर एक उपाय आपल्याला ओळखीचा वाटेल. १९८४ साली न्यू हॅम्पशायरमधील मेरेडिथ येथे एका पार्कमधील रहिवाशांनी एकत्र येऊन, कर्ज काढून पार्कची जमीनच विकत घेतली. म्हणजे आपली सहकारी सोसायटीच! त्यानंतर त्या राज्यात आणि बाहेरही असे अनेक पार्क रहिवाशांचे झाले. मुंबईत ज्यांच्या सोसायटीचे कन्व्हेयन्स वर्षानुवर्षे रखडले आहे, त्या पालकांना जमीन आपल्या नावावर असण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

तेव्हा घर स्वस्त आहे का, हा अर्धाच प्रश्न झाला. जमीन कोणाची, करार किती वर्षांचा, कर्ज कोणत्या जातीचे आणि घर आणून बसवण्याचा खर्च किमतीत धरला आहे का, हे चार प्रश्न सहीच्या आधी विचारायचे. कारखान्यातले घर वाईट नाही. थोड्या पैशांत ते चांगला निवारा देते. मात्र कागद वाचता आला पाहिजे, मग तो मराठी असो की इंग्रजी.

शब्दार्थ
मृत्युपत्र – आपल्यामागे मालमत्ता कोणाला द्यायची ते सांगणारा कागद
सावकार – व्याजाने पैसे देणारा
मेख – खुंटी; येथे, अडचणीचे मूळ
भरडणे – जात्यात जाडसर दळणे. येथे, दोन्हीकडून त्रास होणे

गृहपाठ
१. स्थावर की जंगम ते लिहा : सायकल, आंब्याचे झाड, टोपलीतले आंबे, विहीर, बैलगाडी.
२. वरील उदाहरणात मुदत १५ वर्षे केली तर महिन्याचा हप्ता वाढेल की कमी होईल? एकूण व्याज? कारण मराठीत लिहा.
३. 'गम्' पासून आलेले आणखी दोन शब्द घरी विचारून आणा.