फाटे फोडू नका! (फोडलेच तर मोजा)

प्रोग्राम चालला की आपण लॅबमधून उठतो. आउटपुट आलं, जर्नलवर सही झाली, विषय संपला! पण नोकरीत तोच कोड दुसरं कोणीतरी उघडतं, वाचतं आणि त्यात बदल करतं. त्या माणसाला तो किती जड जाईल, हे आधी मोजता येईल का? येईल, आणि त्यासाठी फक्त बेरीज यायला हवी.

1976 साली थॉमस मॅकेब या गणितज्ञाने 'सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी' हे माप मांडलं. फ्लोचार्ट म्हणजे एक ग्राफ समजायचा; मग कडा − बिंदू + 2 = कॉम्प्लेक्सिटी. फ्लोचार्ट काढायचा कंटाळा असेल तर सोपा नियम असा: फंक्शनमधले सगळे 'जर' आणि सगळे लूप मोजा, त्यात 1 मिळवा.

हा 1 कुठून आला? आपल्या म्हसळ्याचंच बघा. माणगावहून आलेला रस्ता इथे फुटतो, एक श्रीवर्धनकडे जातो, दुसरा दिघीकडे. फाटा एक, वाटा दोन. फाटाच नसता तरी एक वाट होतीच की! म्हणून फाटे अधिक 1. मॅकेबने एका फंक्शनसाठी 10 ही मर्यादा सुचवली होती, पण ती काही जादूची संख्या नाही हेही त्याने सांगून ठेवलं होतं.

आता एसटीच्या तिकिटाचा प्रोग्राम लिहू. 5 वर्षांखालचं मूल मोफत, 5 ते 12 अर्धं तिकीट, 65 ते 75 अर्धं. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना मोफत प्रवास सुरू झाला आणि 17 मार्च 2023 पासून स्त्रियांना अर्धं तिकीट. (बाकीच्या सवलती इथे सोडून दिल्या आहेत.) सुचेल तसं लिहीत गेलं की कोड असा होतो:

जर (वय >= 5)
　जर (वय < 12) भाडे = अर्धे
　नाहीतर
　　जर (वय >= 75) भाडे = 0
　　नाहीतर
　　　जर (वय >= 65) भाडे = अर्धे
　　　नाहीतर
　　　　जर (स्त्री) भाडे = अर्धे
　　　　नाहीतर भाडे = पूर्ण
नाहीतर भाडे = 0

'जर' पाच, म्हणून कॉम्प्लेक्सिटी 6. आता हेच सरळ लिहू:

जर (वय < 5) परत 0
जर (वय >= 75) परत 0
जर (वय < 12) परत अर्धे
जर (वय >= 65) परत अर्धे
जर (स्त्री) परत अर्धे
परत पूर्ण

इथेही 'जर' पाचच, कॉम्प्लेक्सिटी पुन्हा 6! पण वाचायला दुसरा सोपा, हे कोणीही सांगेल. म्हणजे मॅकेबचं माप फाटे मोजतं, खोली मोजत नाही. ही उणीव भरून काढायला सोनारसोर्स कंपनीने 'कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी' हे माप आणलं. त्यात जितक्या आत 'जर', तितका दंड जास्त. पहिल्या कोडमध्ये पाच 'जर'चे 1+2+3+4+5 = 15, आणि पाच 'नाहीतर'चे 5, एकूण 20. दुसऱ्या कोडमध्ये फक्त 5. वाचताना डोक्याला होणारा ताप आता आकड्यात दिसतो.

पण दुसरा कोडही पूर्ण सुरक्षित नाही. समजा, मार्च 2023 मध्ये घाईघाईत कोणी स्त्रियांची ओळ सगळ्यात वर टाकली असती. काय झालं असतं? म्हसळा स्टँडवरून श्रीवर्धनला निघालेल्या 80 वर्षांच्या आजींना मोफतऐवजी अर्धं तिकीट फाडावं लागलं असतं. मशीन चुकीचं भाडं दाखवतंय म्हणून बिचारा कंडक्टर बोलणी खाणार, आणि आजी चुपचाप पैसे देणार.

ही चूक टेस्टिंगमध्ये तरी सापडली असती का? कॉम्प्लेक्सिटी 6 म्हणजे किमान 6 टेस्ट. 3, 8, 70 आणि 80 वर्षांचे चार पुरुष प्रवासी, 30 वर्षांचा पुरुष, 30 वर्षांची स्त्री. सहाही टेस्ट पास! चूक तशीच आत. सातवी टेस्ट 80 वर्षांच्या स्त्रीची घेतली तर ती पकडली जाते. म्हणून हा आकडा 'इतक्या तरी टेस्ट करा' असं सांगतो, 'इतक्या पुरे' असं नाही.

यावर उपाय म्हणजे नियमांना नावं देणं:

मोफत = (वय < 5 किंवा वय >= 75)
अर्धे_लागू = (वय < 12 किंवा वय >= 65 किंवा स्त्री)

ही दोन छोटी फंक्शन्स केली की मुख्य फंक्शनमध्ये दोनच प्रश्न उरतात: मोफत आहे का? नसेल तर अर्धे लागू आहे का? नवीन अर्धी सवलत आली तर ती दुसऱ्या यादीत जाते, आजींचा मोफत प्रवास शाबूत राहतो. प्रत्येक 'किंवा'ही मोजला तर तीन फंक्शन्सचे आकडे 3, 2 आणि 3. एकूण 8, म्हणजे आधीच्या 6 पेक्षा जास्तच! तरी एका वेळी डोक्यात तीनपेक्षा जास्त वाटा ठेवाव्या लागत नाहीत. सवलती सरकारने दिल्या आहेत, त्या आपण कमी करू शकत नाही. आपण वाढवलेला गुंता मात्र नक्कीच कमी करू शकतो.

पायथनसाठी 'रेडॉन' हे फुकट टूल प्रत्येक फंक्शनला ए ते एफ ग्रेड देतं. 1 ते 5 असेल तर ए. फायनल इयरचा प्रोजेक्ट पुढच्या बॅचकडे देण्याआधी ते एकदा चालवून बघा. ज्या फंक्शनचा आकडा 10 च्या वर जाईल ते हॉस्टेलमधल्या एखाद्या ज्युनिअरला वाचायला द्या आणि आपण गप्प बसा. तो पहिला प्रश्न ज्या ओळीवर विचारेल, तिथून कोड सुधारायला सुरुवात करा.